चुकीच्या माणसाची माफी

आमच्या घरात कोणाला राग आला की आवाज चढत नसे, पडत असे. पप्पा बसवर कंडक्टर होते, धुळे डेपोला. तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा लोखंडी पंच ड्युटी संपली तरी खिशातच असायचा, आणि राग आला की ते तोंडानं चकार शब्द न काढता खिशात हात घालून तो वाजवायचे. कट. कट. आईनं वरणात मीठ जास्त टाकलं, की एक कट. लेआनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, वहीची पानं फाडली की दोन. माझ्या वाट्याला बहुधा चार-पाच यायचे. पाहुण्यांना वाटायचं, मास्तर पंच ठेवायला विसरले. आम्हाला मात्र त्या आवाजाचा जोर, दोन कटांमधलं अंतर, सगळं पाठ होतं. तो सुरू झाला की आम्ही तिघी हातातलं भांडं हातातच धरून थांबायचो. माझ्या मैत्रिणींचे बाप ओरडायचे, कधी पाठीत धपाटा घालायचे आणि तासाभरानं त्याच पोरीला गरम जिलबी आणून द्यायचे. मला त्या पोरींचा हेवा वाटायचा. मार खाल्ला की माणूस मोकळं तरी होतं. आमच्याकडे मोकळं होण्याची सोयच नव्हती.

पप्पा जन्मापासून असे नव्हते. माझ्या जन्माआधी ते डेपोत तोंडासाठीच ओळखले जायचे. त्यांच्या गाडीवरचे ड्रायव्हर रहीमचाचा मला सांगायचे, "बेटी, तेरे बाप की गाली सुनने के लिए लोग चाय लेके खडे रहते थे." एकदा दिलेली शिवी पुन्हा द्यायची नाही, असा त्यांचा बाणा होता म्हणे. मग पिऊन पिऊन त्यांना कावीळ झाली. मिशनच्या दवाखान्यात ते महिनाभर पडून होते, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरांनी त्यांच्या शिव्या ऐकत ऐकत त्यांचं सगळं केलं. एक दिवस पप्पांनी त्यांना विचारलं, तुम्हाला राग येत नाही का? त्या म्हणाल्या, येतो तर, खूप येतो, पण तो मी तुमच्याजवळ नाही काढत, प्रभूजवळ काढते. एवढ्या एका वाक्यावर पप्पा ख्रिस्ती झाले, असं ते उपासनेत साक्ष देताना सांगायचे. मला आता वाटतं, त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग पप्पांनी ऐकलाच नाही. सिस्टर "येतो" म्हणाल्या होत्या.

भावाला नुसतं मूर्ख म्हणणारा माणूसही अग्नीच्या वाटेला लागतो, ही प्रभूंची शिकवण पप्पांनी अक्षरशः धरली. घरात मूर्ख, गाढव, वेडी, मेली सगळं बंद. आई तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. तिच्या माहेरी फैजपूरला सगळे उपासनेहून परत येता येता एकमेकांना खुशाल गाढवा म्हणायचे, आणि त्यात कोणाचा स्वर्ग बुडाल्याचं ऐकिवात नव्हतं. तिला आमच्या घरात दूध उतू गेलं तर दुधाला "मेलं" म्हणायचीही चोरी होती. ती बिचारी ओठ मिटून चूल पुसायची. आम्ही दोघी बहिणींनी मात्र पळवाट काढली होती. भांडताना शास्त्रातल्या दुष्टांची नावं वापरायची. ती मला पलिष्टी म्हणायची, मी तिला ईजबेल म्हणायची, आणि फारच झालं तर "जा गं, परूशी कुठली." शेजारच्या बायकांना वाटायचं, मास्तरांच्या पोरी काय धार्मिक, खेळतानासुद्धा शास्त्र म्हणतात. एका रविवारी पप्पांच्या ध्यानात आलं. त्या दिवशी पंच इतका वाजला की आई शेवटी शेजारी हळद मागायला निघून गेली. घरात हळद भरपूर होती.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसं माझं झालं होतं. खाण तशी माती. लेआ आईवर गेली होती, मी पप्पांवर. राग आला की माझ्या कानाच्या पाळ्या आधी तापायच्या, मग जिभेच्या टोकाशी शब्द येऊन उभा राहायचा, तयार, घासूनपुसून, आणि मी तो गिळायची. संध्याकाळी दादर ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याची भाजी अशी ताटं मांडली जायची. त्याआधी प्रार्थना. पप्पा डोळे मिटून म्हणायचे, "प्रभू, आमच्या मुखाला पहारेकरी बसव." मी एक डोळा किलकिला करून बघायची, तर त्यांचा हात खिशात असायचा. मला वाटायचं, पहारेकरी बसलाय खरा, पण तो आम्हालाच आत कोंडून बसलाय. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. नर्सिंगला गेलं की हॉस्टेल, हॉस्टेलला गेलं की पंच नाही. त्या वर्षी माझी सगळी अक्कल एवढ्याच हिशेबात चालत होती.

जळगावहून मुलाखतीचं पत्र आलं. कागदपत्रं घेऊन सकाळी अकराच्या आत हजर राहायचं होतं. त्या दिवशी पप्पांची ड्युटी नेमकी धुळे–जळगाव गाडीवरच होती, म्हणून मी त्यांच्याच गाडीनं निघाले. उन्हाळा अजून गेला नव्हता. गाडी भरली होती, आणि माझ्या पुढच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. तो पांढऱ्या टोपीचा, तिशीच्या पुढचा, कपाशीवाला. ती त्याच्याहून बरीच लहान, सावळी, मांडीवर तपकिरी लिफाफा. तिनं मागे वळून मला पाहिलं आणि विचारलं, "कोठे चालनी बेन?" मी सांगितलं. तिनं पिशवीतून काकडी काढली, मोडून अर्धी मला दिली, मिठाची पुडी पुढे केली. "नर्स व्हई जाशी तर मना सारखीले नीट बोलजो," असं म्हणून हसली. मग ती शेजारच्या म्हातारीशी हळू आवाजात बोलायला लागली. धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरकडून येत होते. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. लिफाफ्यात तपासणीचे कागद होते. डॉक्टर म्हणाले, आता आशा नाही. हे सगळं मी काकडी खात खात ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण बाकांच्या मध्ये अंतरच किती असतं?

पारोळा मागे पडल्यावर तो माणूस उठला. "ओ मास्तर, मना मळा जोडे गाडी थांबाड."

पप्पा म्हणाले, "भाऊ, तठे थांबा नही शे. फुढला फाटावर उतरा."

फाटा मळ्यापासून असेल मैलभर. उन्हात चालायचं म्हणून त्याचं डोकं फिरलं की डॉक्टरकडचा राग त्यानं पप्पांवर काढला, कोण जाणे. आज मला हे दुसरंच खरं वाटतं. त्या वेळी काही वाटायला सवडच नव्हती, कारण त्यानं भर गाडीत आवाज चढवला. "दूधना पावडरवर देव इकनारा लोके तुम्ही, बाटगा कोठला, आनि माले कायदा शिकाडस?"

पप्पा ख्रिस्ती झाल्याचं त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मिशनच्या दूध पावडरीसाठी बाटले हा टोमणाही जुनाच. गाडीत दोघं-तिघं हसले. पप्पांचा चेहरा काळवंडला. त्यांचा हात खिशाकडे गेला नाही, कारण पंच हातातच होता. कट. कट. कट. एवढंच. आणि तो माणूस त्याला हसला. "देखा, वाजाडी राहिना. तोंडमा जीभ शे का नही?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुढचं मी ठरवून बोलले असं म्हणता येणार नाही, आणि न ठरवता बोलले असंही म्हणता येणार नाही, कारण शब्द मी निवडला होता. सगळ्यात खोल कुठं लागेल ते मला ठाऊक होतं. मी उभी राहिले आणि ओरडले, "घरमा पाळणा हालना नही, आनि इठे मर्दानगी दखाडस का? वांझोटीना दाल्ला!"

वांझोटीचा नवरा. सतरा-अठरा वर्षं गिळलेलं सगळं त्या दोन शब्दांत बाहेर आलं. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? उकळी आलेल्या भांड्यावरचं झाकण उडावं तसं बरं वाटलं. मागून एक म्हातारा "वा रे पोरी" म्हणाला. पुढच्या बाकावरची ती बाई वळली नाही. तिनं लिफाफा मांडीवरून उचलून छातीशी धरला, एवढंच मला दिसलं.

पप्पांनी दोरी ओढली. एकच घंटा. रहीमचाचांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पप्पा माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "रूथ, भाऊंची माफी माग."

मी म्हटलं, "आधी त्यांनी तुमची मागावी."

"त्यांचं ते बघतील. तू तुझं बघ."

"नाही."

"मग घंटी वाजनार नही," पप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि दाराशी जाऊन दोरीखाली उभे राहिले.

कंडक्टरची डबल घंटा झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, आणि रहीमचाचा तर वीस वर्षं पप्पांच्या घंटेवर चालत होते. पहिली पाच मिनिटं लोकांनी मजा म्हणून काढली. मग ऊन पत्र्यातून उतरायला लागलं. पोरं रडायला लागली. कोणी म्हणालं, "मास्तर, जाऊ द्या, पोर शे." कोणी म्हणालं, "ए पोरी, मांगी टाक ना माफी, काय जीव जाई राहिना तुना?" एकाला एरंडोलच्या कोर्टात तारीख होती. तो पप्पांना साहेबांकडे तक्रार करीन म्हणाला, पप्पा म्हणाले, करा. रहीमचाचांनी मागे वळून घड्याळ दाखवलं, "मास्तर, बेटी का टाइम हो रहा है." पप्पा म्हणाले, "माहीत आहे." त्यांना माहीत होतं! मला सगळ्यात जास्त ते लागलं. माझी मुलाखत, माझं हॉस्टेल, माझं सुटणं, सगळं त्यांच्या मुठीत होतं आणि त्यांची मूठ दोरीखाली नुसती उभी होती. उतरून चालू लागावं म्हटलं, तर दोन्ही बाजूला नांगरलेली काळी रानं आणि मध्ये डांबर. आणि तो माणूस बाकावर पाय दुमडून आरामात बसला होता. "मी काय उतरत नही. आइकीसनच उतरसू."

अर्धा तास झाला असेल. मी "माफ करा" म्हटलं.

"कोनले?" तो म्हणाला.

"तुम्हाला."

पप्पांनी मान हलवली. तो माणूस उठला, टोपी नीट केली आणि दारातून खाली उतरला, कारण पप्पांनी रागाच्या भरात गाडी थांबवली होती ती नेमकी त्याच्या मळ्यासमोर! गाडीत हशा पिकला. मागोमाग ती उतरली. उतरताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पप्पांकडे पाहिलं नाही, फक्त पायरीकडे पाहिलं. मग डबल घंटा झाली.

जळगावला मी पोचले तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. खिडकीतल्या बाईंनी माझं पत्र पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि पुढच्या वर्षी या म्हणाल्या. मी रडले नाही. संध्याकाळच्या फेरीला त्याच गाडीनं परत आले, सगळ्यात मागच्या बाकावर बसून. पप्पांनी तिकीट फाडून माझ्यापुढे धरलं, मी ते घेतलं, आणि त्या क्षणापासून मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

घरचा एकही नियम मी मोडला नाही. शिवी नाही, उलट उत्तर नाही, आवाज नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, खाकी कपड्यांना इस्त्री करायची, त्यांनी विचारलं तर लेआकडे बघून उत्तर द्यायची. पप्पांनीच मला शिकवलं होतं तोंड बंद ठेवायला. मी त्यांच्या पुढे गेले. त्यांचा पंच तरी वाजायचा, माझं तेही नव्हतं. आता हे सांगताना माझी नात म्हणते, "आजी, तुम्ही सरळ सांगायचं ना, आय ॲम अँग्री!" तिला कसं सांगू, आमच्या घरात त्या वाक्याला जागाच नव्हती. राग एक तर पाप होता, नाही तर नव्हताच. चार महिने मी त्या तीन खोल्यांमध्ये असे काढले. पापड लाटले, रविवारच्या शाळेत पोरांना शिकवलं, शेजारणींना "पुढच्या वर्षी जाणार" असं सांगितलं. पाऊस आला आणि गेला, मला त्यातलं काही आठवत नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, प्रभूच्या नावानं भाकर आणि द्राक्षारस. ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करावा, मग मेजाकडे यावं, अशी पाळकसाहेबांची ताकीद असायची. बहुतेक जण ती ऐकून घेत आणि तसेच मेजाकडे जात. त्या घटनेनंतरच्या पहिल्या रविवारी आमची रांग उठली, आई उठली, मी उठले, पप्पा बसून राहिले. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात लोक कुजबुजायला लागले. कंडक्टरनं गाडीवर काही केलं का? पुन्हा पिण्याकडे वळला का? पाळकसाहेबांनी घरी येऊन विचारलं, तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "माझ्यावर एका माणसाचा राग आहे, साहेब. तो जाईपर्यंत मी येत नाही." मी आत चहा गाळत होते. सगळं ऐकलं. कपात चहा ओतला, बाहेर नेऊन ठेवला आणि परत आले. मी मात्र दर महिन्याला भाकर घेत होते. ताठ मानेनं जायची, ताठ मानेनं यायची. पप्पांनी मला गाडीत अडकवलं होतं, आता ते मला देवळातही अडकवत होते, असं मला वाटायचं. मी समेट करीपर्यंत हा माणूस सगळ्या मंडळीला उभं करून ठेवणार!

चौथ्या महिन्यात उपासनेहून आल्यावर आईनं डोक्यावरचा पदर काढला आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला कधी कोणी चिडलेलं पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "ते भाकर घेत नाहीत, तू घेतेस. दोघांत खोटं कोण आहे ते मला सांग. आणि आज बोलली नाहीस ना, तर मी माझ्या माहेरी जाऊन सगळ्यांना गाढव म्हणून येईन, मग माझं काय व्हायचं ते होवो."

लेआला हसू आलं. मला नाही आलं. मी सरळ पुढच्या खोलीत गेले. पप्पा खुर्चीवर बसून बूट काढत होते. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण या वेळी जिभेवर शिवी आली नाही. मी म्हटलं, "पप्पा, मला तुमचा राग आलाय. चार महिने झाले, गेला नाही. तुम्ही माझं वर्ष घालवलं. पन्नास माणसांसमोर मला वाकवलं. त्यानं तुम्हाला जे म्हटलं त्याचा तुम्हाला राग आला नाही का? मग तो माझ्याकडून का काढून घेतला?" असं बरंच बोलले. ते एका हातात बूट धरून ऐकत होते. पंच टेबलावर होता, त्यांनी हात लावला नाही. शेवटी मी म्हटलं, "आणि माफी मागायची होती तर त्याची कशाला? मी वांझ म्हटलं ते त्याला नाही म्हटलं. ती पुढे बसली होती. तिनं मला काकडी दिली होती."

पप्पांनी बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या बाईकडे मी पाहिलंच नाही." पुढे म्हणाले, "राग आला होता. फार आला होता. मना पोटमा बठ्ठ्या गाया, त्या जुन्या शिव्या, अजून तशाच शेतस, रूथ. त्या दिवशी मी माझ्या तोंडाला घाबरलो आणि दोरी धरून बसलो. तुझं मी काही ऐकलंच नाही." पप्पा रडतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

शिव्या गाडून ठेवणं आणि राग सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला पुढे वॉर्डात तीस वर्षं काढल्यावर नीट कळलं. त्या दुपारी आम्हा दोघांना एवढंच कळलं, की समेट अजून व्हायचा आहे, आणि तो आमच्या दोघांतला नाही.

पप्पांच्या पुढच्या सुट्टीला आम्ही निघालो. ते साध्या कपड्यांत होते, तिकीट काढून प्रवासी म्हणून बसले होते, आणि त्यांना बसायला अवघड जात होतं. फाट्यावर उतरलो, मैलभर मागे चालत आलो. कापूस फुटला होता. ती एकटीच वेचत होती, कमरेला ओटी बांधलेली, डोक्याला फडकं. आम्हाला तिनं लांबूनच ओळखलं. वेचणं थांबवलं नाही.

मी तिच्या ओळीत जाऊन उभी राहिले. वाटभर जमवून आणलेलं सगळं विसरले. "अक्का," मी म्हटलं, "मी बसमध्ये जे बोलले त्याची माफी मागायला आले. तुमची. त्या दिवशी तुमची मागितलीच नाही."

पप्पा मागून म्हणाले, "चूक मनी बी शे, बेन. मी तुले देखंच नही."

ती बोंडातला कापूस काढत राहिली. "माफी कसानी?" ती म्हणाली. "तू काय खोटं बोलनी का? सासू बोलस, बठ्ठं गाव बोलस." मला वाटलं, झालं, सुटले. मग तिनं हात थांबवला. "पन एक गोट सांगू बेन? नऊ वरीसमा त्यानी माले तो शबद कधी म्हना नही. सासूले म्हने, मना समोर तो शबद काढू नको. तेवढं एक व्हतं मना घरमा. आते त्याले राग उना का तो म्हनस, ती कंडक्टरनी पोर काय म्हननी व्हती तुले? आनि मंग तो शबद म्हनस."

पप्पांनी माझा दंड धरला होता, आणि त्यांची बोटं मला रुतत होती.

तिनं विहिरीच्या बाजूला पाहिलं आणि घाईनं म्हणाली, "जा आते. तो येवाना वखत व्हयना. तुमले देखी तर त्याले परत याद ई."

रस्त्याकडे जायला तिच्या शेतातून सरळ पायवाट होती. पण तीवरून गेलो असतो तर विहिरीवरून दिसलो असतो. म्हणून मी आणि पप्पा कपाशीत खाली वाकलो आणि बांधाबांधानं, एकामागून एक, चोरासारखे बाहेर पडलो.